मुंबईतून दिल्लीला जाऊ इच्छिणाऱ्यांस काही सूचना

सर्वांत आधी खिशातले होकायंत्र फेकून द्या. मुंबईच्या सहा लोकसभा मतदारसंघांना दिशांची नावे आहेत आणि ज्याने त्या दिशा खऱ्या मानल्या, तो प्रचाराच्या पहिल्याच सकाळी दुसऱ्याच्या मतदारांपुढे हात जोडून उभा असतो. अंधेरी पूर्व आणि जोगेश्वरी पूर्व हे 'उत्तर पश्चिम' मुंबईत येतात. घाटकोपर पश्चिम आणि भांडुप पश्चिम हे 'उत्तर पूर्व' मुंबईत. यात कोणाची चूक नाही. विधानसभेचे पूर्व-पश्चिम रेल्वेच्या रुळांवरून ठरते, लोकसभेचे शहराच्या नकाशावरून, आणि या दोघांची ओळख करून देण्याची गरज कोणाला वाटलेली नाही. 'दक्षिण मध्य'मध्ये चेंबूर आणि अणुशक्तीनगर आहे. तिथे उभे राहून दक्षिणही दिसत नाही आणि मध्यही; दिसते ती खाडी.

बरे, या दिशा पाठ केल्या तरी त्या टिकतील असे नाही. २००८ च्या पुनर्रचनेत रेघा सरकल्या आणि पुढच्याच वर्षी खासदारांची बदल्यांच्या हंगामासारखी धावपळ झाली. एकनाथ गायकवाड उत्तर मध्यचे दक्षिण मध्यला गेले, गुरुदास कामत उत्तर पूर्वचे उत्तर पश्चिमला, प्रिया दत्त उत्तर पश्चिमच्या उत्तर मध्यला. तिघेही निवडून आले. यावरून बोध घ्या: मतदारसंघावर जीव लावू नका, उमेदवारीवर लावा.

किती जागा वाढतील याचा हिशेबही मनातून काढून टाका. १९५२ मध्ये मुंबईचे खासदार चार होते, १९६७ मध्ये पाच झाले, १९७७ मध्ये सहा. तेव्हापासून सहा. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेतल्या जागांची राज्यवार वाटणी गोठवली, २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने ती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठलेलीच ठेवली. शहराच्या वाट्याला एकच फेरफार आला: विधानसभेच्या जागा पूर्वी शहरात १७ आणि उपनगरात १७ अशा भावाभावांच्या वाटणीसारख्या होत्या, त्या आता शहरात १० आणि उपनगरात २६ आहेत. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. म्हणजे एका खासदारामागे सुमारे वीस लाख माणसे. पाच वर्षांचे दिवस होतात १,८२६. रोज हजार जणांना नमस्कार केला तरी दीड लाखांवर लोक नमस्काराविना राहतील, आणि तेच नेमके मतदानाला जातील.

तुमचे घर कुठे आहे याची मात्र अजिबात फिकीर करू नका. वय २५ पूर्ण हवे आणि देशातल्या कुठल्याही एका लोकसभा मतदारसंघाच्या यादीत नाव हवे, एवढेच कायदा मागतो. नाव दुसऱ्या मतदारसंघात असेल तर त्या यादीच्या उताऱ्याची प्रमाणित प्रत अर्जासोबत किंवा छाननीच्या वेळी द्यावी लागते. ती विसरणारा उमेदवार घरी परततो, मग ते घर मुंबईत असो की नसो. या सोयीचा लाभ घेत मुंबईने कोझिकोडचे कृष्ण मेनन, मंगळूरचे जॉर्ज फर्नांडिस, शिकारपूरचे राम जेठमलानी आणि मद्रासचे सुब्रमण्यम स्वामी दिल्लीला पाठवले. उलट दिशेची वाहतूकही जुनी आहे. मुंबईला स्वतःचा खासदार मिळण्याच्या साठ वर्षे आधी, १८९२ मध्ये, एल्फिन्स्टन कॉलेजातले माजी प्राध्यापक दादाभाई नौरोजी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून ब्रिटिश पार्लमेंटात गेले. पाच मतांनी. तिथल्या लोकांनी त्यांच्या आडनावाचे 'नॅरो मेजॉरिटी' करून टाकले. तीन वर्षांनी मंचेरजी भावनगरी बेथनल ग्रीनमधून गेले. म्हणजे मुंबईकर लंडनचे प्रतिनिधित्व आधी शिकले, मुंबईचे नंतर.

बाहेरून येताना तारीख तेवढी बघून या. मेनन १९५७ मध्ये उत्तर मुंबईतून आले तेव्हा कोणाला काही खटकले नाही. १९६२ मध्ये समोर आचार्य कृपलानी होते. मेनन जवळपास दीड लाखांनी जिंकले आणि काही आठवड्यांतच नव्हे, पण त्याच वर्षी चीनच्या युद्धापायी संरक्षणमंत्रिपद गमावून बसले. १९६७ येईपर्यंत शिवसेना स्थापन होऊन सात-आठ महिने झाले होते. मेननांना दोनदा तिकीट देणाऱ्या काँग्रेसला त्याच शहरात त्याच मेननांचे परप्रांतीय असणे एकदम दिसू लागले. तिकीट गेले स. गो. बर्वे यांना: आयसीएस, पानशेतच्या पुरानंतर पुणे सावरणारे. मेनन अपक्ष लढले आणि हरले. बर्वे निकालानंतर थोड्याच दिवसांत वारले. पोटनिवडणूक लागली, बर्वेंच्या भगिनी तारा सप्रे उभ्या राहिल्या, मेनन पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा हरले. एकाच जागी, एकाच वर्षी, एकाच घरातल्या दोघांकडून. नंतर त्यांना बंगालमधल्या मिदनापूरने आणि मग त्रिवेंद्रमने निवडून दिले. तेव्हा मुंबईत हरलात तर खचू नका. देशात स्टेशने पुष्कळ आहेत.

मंत्री झालात तर मात्र खचायला हरकत नाही. मुंबईला आपला माणूस मंत्री व्हावा असे फार वाटते, आणि झाला की त्याला घरी बसवावे असे त्याहून अधिक वाटते. स. का. पाटील तीनदा महापौर, मुंबई काँग्रेसचे अनभिषिक्त राजे, १९६७ मध्ये रेल्वेमंत्री. ज्या शहराचा अर्धा दिवस लोकलमध्ये जातो तिथे रेल्वेमंत्र्याने निश्चिंत असावे, असा त्यांचा समज असावा. टॅक्सीवाल्यांच्या आणि पालिका कामगारांच्या संघटना बांधणाऱ्या फर्नांडिसांनी लोकांना एवढेच सांगितले की पाटलांना हरवता येते. लोकांनी सुमारे तीस हजारांच्या फरकाने करून पाहिले. २००४ मध्ये तर मुंबईने एका दमात लोकसभेचे अध्यक्ष मनोहर जोशी, पेट्रोलियम मंत्री राम नाईक आणि राज्यमंत्री जयवंतीबेन मेहता अशा तिघांना परत बोलावले. नाईक सलग पाचदा निवडून आलेले, खासदार निधीची कल्पना रेटणारे, कामाचा अहवाल छापून वाटणारे. त्यांच्यासमोर होता गोविंदा. पुढे काय झाले ते मुंबईत सर्वांना ठाऊक आहे, आणि त्यानंतरच्या पाच वर्षांत गोविंदा संसदेत किती दिसला हेही. अहवाल छापण्याचा खर्च वाचवा.

तरी तुम्हाला लायकीवर निवडून यायचे असेल, तर एकदा मागचे निकाल चाळा. १९७७, १९९६, २००९, २०१४ आणि २०१९ या पाच खेपांना सहाच्या सहा जागा एकाच आघाडीकडे गेल्या. असे वारे असेल तेव्हा उमेदवाराने फक्त आजारी न पडणे पुरते. मात्र मुंबईचे वारे देशाच्या वाऱ्याशी जुळेलच असे धरू नका. १९७७ मध्ये जुळले. 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' अशी घोषणा झाली, मृणाल गोरे उत्तर मुंबईतून गेल्या आणि उत्तर मध्यमधून अहिल्याताई रांगणेकर. तीन वर्षांनी दिल्लीवाली बाई, म्हणजे इंदिरा गांधी, पाण्यातून बाहेर आली, देश तिच्यामागे गेला, आणि मुंबईने सहापैकी पाच जागी जनता पक्ष निवडला. १९८४ च्या राजीव लाटेत पाच जागा काँग्रेसला गेल्या आणि सहावीवर अपक्ष दत्ता सामंत आले. त्यांनी पुकारलेला गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला होता. गिरणगावाने नेता लोकसभेत पाठवला, गिरण्यांचे भोंगे काही वाजले नाहीत.

लाट नसेल तर घराणे शोधा. भावाच्या जागी बहीण वर आलीच आहे. पुढे कम्युनिस्ट नेते डांगे यांची कन्या रोझा देशपांडे १९७४ च्या पोटनिवडणुकीत, मग सुनील दत्तांची प्रिया, मुरली देवरांचे मिलिंद, प्रमोद महाजनांची पूनम, एकनाथ गायकवाडांची वर्षा. तुमचे वडील खासदार नसतील तर ते तुमच्या नियोजनातले मोठे न्यून समजा, आणि निदान मुलांसाठी तरी लढा.

आता मतांविषयी. मत मिळवणे ही एक कला आणि दुसऱ्याचे मत वाया घालवणे ही दुसरी. मुंबईने पहिल्याच निवडणुकीत दुसरीत प्रावीण्य दाखवले. १९५२ चा उत्तर मुंबई शहर हा दोन जागांचा मतदारसंघ होता, त्यातली एक राखीव. मतदाराला दोन मतपत्रिका मिळत, प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, आणि दोन्ही पत्रिका एकाच पेटीत टाकल्या तर एकच धरली जाई. राखीव जागेवर डॉ. आंबेडकर, सर्वसाधारण जागेवर त्यांचे सहकारी अशोक मेहता. एकच मत द्या, दुसरे कुजवा, असा प्रचार झाला आणि ७४ हजारांवर मते बाद ठरली. ज्यांच्या मसुद्यातून मतदाराला मत मिळाले, ते आंबेडकर साडेचौदा हजारांनी नारायण काजरोळकरांकडून पडले. मेहतांची मते काजरोळकरांपेक्षा जास्त होती, तरी तेही पडले, कारण राखीव जागा आधी भरायची असते. आंबेडकर-मेहतांनी याचिका केली, तीही गेली. दोन जागांचे मतदारसंघ कायद्याने १९६१ मध्ये बंद झाले. कुजवण्यासाठी हल्ली मतपत्रिका लागत नाही, एक नामसाधर्म्याचा अपक्ष पुरतो.

अर्ज भरण्याचे तंत्र सोपे आहे, म्हणूनच त्यात घोटाळे होतात. वेळ सकाळी ११ ते दुपारी ३. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दालनात तुम्ही आणि आणखी चौघे. ढोल, फेटे आणि पुतणे शंभर मीटरबाहेर. मान्यताप्राप्त पक्षाचा असाल तर एक सूचक, नसाल तर दहा. अनामत रक्कम २५ हजार, राखीव प्रवर्गासाठी निम्मी. १९५२ मध्ये ती ५०० रुपये होती. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते न पडल्यास ती सरकारजमा होते. शपथपत्रातला एकही रकाना कोरा सोडू नका. सांगण्यासारखे काही नसेल तिथे 'निरंक' लिहा. कित्येकांच्या कारकिर्दीचे ते एका शब्दातले चरित्र ठरते. चार संच भरता येतात, चारही भरा. आणि एबी फॉर्म, म्हणजे पक्षाने उमेदवारी तुम्हालाच दिल्याचा कागद! तो शेवटच्या दिवशी तीनच्या आत पोचला नाही तर तुम्ही अपक्ष. तो कोणाच्या खिशात आहे हे शेवटच्या रात्रीपर्यंत पक्षालाही माहीत नसते, म्हणून ज्यांच्या खिशात असण्याची शक्यता आहे अशा सगळ्यांच्या दारी एकेक माणूस बसवून ठेवा.

मतदानाचा दिवस आयोग ठरवतो आणि निकाल लोणावळा. २९ एप्रिल २०१९ हा सोमवार होता, २० मे २०२४ हाही सोमवार. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी मिळाल्यावर मे महिन्यात मुंबईकर काय करतो हे कोकणातल्या कुठल्याही आंबेवाल्याला विचारा. प्रचाराची शेवटची सभा शिवाजी पार्कऐवजी खालापूरच्या टोलनाक्यावर घेता येईल का, याची परवानगी आधीच मागून ठेवा.

मोजणीला जाताना टपाली मतपत्रिकांना कमी लेखू नका. २०२४ मध्ये उत्तर पश्चिम मुंबईत ठाकरेंच्या शिवसेनेचे अमोल कीर्तिकर होते, ज्यांचे वडील गजानन कीर्तिकर त्याच जागेचे मावळते खासदार आणि शिंदेंच्या शिवसेनेत. आणि समोर शिंदेंच्या शिवसेनेचे रवींद्र वायकर, जे मार्चपर्यंत ठाकरेंच्या शिवसेनेत होते. मतदाराने कोणाला मत दिले हे त्याचे त्यालाही नीट सांगता आले नसते. यंत्रांतली मते मोजून झाली तेव्हा अमोल एका मताने पुढे होते. टपाली मते अमोलना १,५०१, वायकरांना १,५५०. वायकर ४८ मतांनी विजयी. महाराष्ट्रातून लोकसभेत जातात तेवढीच. बाद ठरलेल्या टपाली मतपत्रिका याहून जास्त होत्या. तेव्हा पोस्टल टेबलावर तुमचा सर्वांत चिवट, सर्वांत कमी झोपलेला आणि चष्म्याचा नंबर नुकताच तपासून आणलेला प्रतिनिधी बसवा. फेरमोजणी हवी असेल तर निकाल जाहीर होण्याआधी, लेखी आणि कारणासह मागायची असते. नंतर उच्च न्यायालयात याचिका करायला ४५ दिवस मिळतात.

आणि हरलात तरी निकालापासून ३० दिवसांच्या आत खर्चाचा हिशेब द्या. मर्यादा ९५ लाखांची आहे आणि चहापासून खुर्चीपर्यंत सगळे जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या दरपत्रकाप्रमाणे धरले जाते, तुम्ही प्रत्यक्षात चहा किती कपांचा पाजला होता हे कार्यकर्ते सांगणार नाहीत. हिशेब चुकवला तर तीन वर्षांसाठी अपात्र ठरवतात. तेवढ्यात एखादी पोटनिवडणूक लागली तर मेननांसारखे दुसऱ्यांदा हरायची संधीही जाईल.