बसतंय की!

लिनक्स ही विंडोजसारखीच संगणक चालवणारी प्रणाली. तिच्यावर चालणाऱ्या लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडणं हे पाच मिनिटांचं काम. ही पाच मिनिटं कुठल्या वारी सुरू करायची ते मात्र विचार करून ठरवावं, कारण ती कुठल्या वारी संपतील ते सांगता येत नाही. माझं मत शनिवार सकाळ. मे महिना शक्यतो टाळावा. सोलापूरचं ४३-४४ अंशांचं ऊन, टेबलाखाली घातलेलं डोकं आणि वर ‘नो सिग्नल’ एवढे दोनच शब्द फिरवत बसलेला काळा पडदा एकत्र आले, की सज्जन माणूसही मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांत बोलू लागतो.

मदतीला माणसं येतातच. या घरात विंडोज नाही ही बातमी बोळात आधीच पोचलेली असते. “काय करालाय बे?” म्हणत एक जण आत येतो, पडद्याकडे बघतो आणि उभ्या उभ्या निदान करतो, “लिनक्स आहे ना? विंडोज टाक की!” या माणसाला चहा द्यावा, पण त्याचं ऐकू नये. दोष बहुतेक वेळा लिनक्सपर्यंत पोचलेलाच नसतो. तो वाटेत वायरीतच अडकून पडलेला असतो.

म्हणून आधी वायर, म्हणजे चित्र आणि आवाज नेणारी एचडीएमआय केबल. नवी पेठेत जाऊन “एचडीएमआय केबल द्या” म्हटलं की केबल लगेच समोर येते. “फोर-के चालेल का हो?” असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, “बसतंय की मालक, न बसायला काय झालं?” दुकानदार खोटं बोलत नाही. १९ पिनांचं ते चपटं तोंड सगळीकडे बसतं. पण एचडीएमआयच्या २००९ सालच्या १.४ आवृत्तीत फोर-के, म्हणजे ३८४० बाय २१६० टिपक्यांचं, चित्र सेकंदाला फार तर ३० वेळा जातं आणि २०१३ च्या २.० मध्ये ६० वेळा, आणि बाहेरून दोन्हीचं तोंड सारखंच. ३० वर चित्र येतं, त्यामुळे माणूस खूश होतो. मग माऊस हलवतो, तर पडद्यावरचा बाण हाताच्या मागून रेंगाळत येतो. पाकिटावर ‘प्रीमियम हाय स्पीड’ असेल तर ती केबल सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंतची, म्हणजे फोर-के ६० ला पुरेशी. अर्थात लॅपटॉपचंच पोर्ट १.४ चं असेल तर केबलीला दोष देऊन उपयोग नाही. तुमचा मॉनिटर २४ इंची, १९२० बाय १०८० चा असेल तर यातलं काहीच मनाला लावून घेऊ नका. साधी दीड मीटरची केबल भागवते, आणि उरलेल्या पैशात मॉनिटरला उंची देणारा स्टँड येतो.

यूएसबी-सीचं प्रकरण याहून लबाड आहे. तिथेही बसतं सगळंच. पण लॅपटॉपच्या त्या पोर्टात डिस्प्लेपोर्टचा ‘ऑल्ट मोड’, म्हणजे त्याच पोर्टातून चित्रही पाठवायची सोय, नसेल तर चित्र बाहेर येणारच नाही. पोर्टाशेजारी डिस्प्लेपोर्टची खूण किंवा थंडरबोल्टची वीज कोरलेली असेल तर आशा धरा. काहीच खूण नसेल तर मॉडेलचं तपशीलपत्रक काढून वाचा. पोर्ट बरोबर असलं तरी मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेली केबल चालत नाही, कारण तिच्यात चार्जिंगच्या आणि यूएसबी २.० च्याच तारा असतात. चित्र नेणाऱ्या जलद तारांच्या जोड्या त्यात घातलेल्याच नसतात. आणि साध्या यूएसबीवर चालणारा डिस्प्लेलिंकचा डॉक, म्हणजे मॉनिटर जोडायची जादा पोर्टं देणारा डबा, कुणी स्वस्तात देत असेल तर घेण्याआधी दोनदा विचार करा. त्याला वेगळा ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र चालवणारा प्रोग्रॅम, लागतो आणि कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदललं की तो रुसू शकतो.

आता टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी. सेटिंग्जच्या खिडकीत ‘डिटेक्ट’चं बटण शोधत बसण्यापेक्षा थेट सिस, त्यात क्लास, त्यात डीआरएम या फोल्डरात जावं. तिथे प्रत्येक पोर्टाच्या नावाचं एक फोल्डर असतं: ईडीपी-१ म्हणजे लॅपटॉपचा स्वतःचा पडदा, एचडीएमआय-ए-१ म्हणजे बाहेरचा. त्यातली ‘स्टेटस’ ही फाइल ‘कॅट’ या आज्ञेने वाचा. ‘डिसकनेक्टेड’ आलं तर वायर, कन्व्हर्टर किंवा मॉनिटर यांच्यापैकी कुणीतरी दगा देतंय; टर्मिनल बंद करा आणि मॉनिटरच्या खालच्या कडेला चाचपडून ‘इनपुट’चं बटण दाबा. ते बटण मॉनिटर बंद करायच्या बटणाला लागूनच बसवलेलं असतं, ही कुणाची तरी करमणूक असावी. ‘कनेक्टेड’ आहे आणि तरी अंधार, तर सॉफ्टवेअरकडे बघायचं. आणि एचडीएमआयचं फोल्डरच नसेल तर समजावं, की ते पोर्ट दुसऱ्याच ग्राफिक्स कार्डाला जोडलेलं आहे आणि त्या कार्डाचा ड्रायव्हर जागा झालेला नाही. एवढ्या एका फाइलीनं अर्धा शनिवार वाचतो.

बऱ्याच गेमिंग लॅपटॉपांत हेच होतं. आतल्या पडद्याला इंटेल किंवा एएमडीचं ग्राफिक्स, एचडीएमआयला एनव्हिडिया कंपनीचं कार्ड. लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २०१२ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात कॅमेऱ्यासमोर एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं, ते उगाच नव्हे. २०२२ मध्ये कंपनीनं ड्रायव्हरच्या कर्नेल मॉड्यूलचा सोर्स कोड खुला केला, तेव्हापासून संबंध बरेच सुधारले आहेत. उबुंटू या लिनक्सच्या प्रचलित अवतारावर ‘सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’ एवढं पुरतं; पण सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होताना अडवणारी सोय, चालू असेल तर मध्येच एक पासवर्ड ठरवायला सांगतात, निदान ८ अक्षरांचा. लोक तो देतात आणि विसरतात. रीबूट केल्यावर एक निळा पडदा येतो आणि दहाएक सेकंद थांबतो. नेमकं तेव्हा आपण चहा ओतून घेत असतो. ती वेळ टळली की ड्रायव्हर डिस्कवर असूनही कर्नेल त्याला आत घेत नाही. निळा पडदा दिसताच कुठलंही बटण दाबा, मग ‘एनरोल एमओके’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, तोच पासवर्ड, रीबूट. नंतर टर्मिनलमध्ये ‘एनव्हिडिया-एसएमआय’ लिहून कार्डाचं नाव दिसलं म्हणजे ड्रायव्हर खरोखर कामाला लागला.

आता जुन्या मॉनिटरवाल्यांकडे येतो, कारण खरी गंमत तिथेच आहे. ऑफिसनं काढून टाकलेला, व्हीजीए या जुन्या जोडणीचं १५ पिनांचं निळं तोंड असलेला मॉनिटर पुष्कळ घरांत माळ्यावर असतो. व्हीजीए १९८७ सालचं, तरी अजून तग धरून आहे. त्याला एचडीएमआय-टू-व्हीजीए कन्व्हर्टर लागतो. व्हीजीए-टू-एचडीएमआय वेगळा, तो उलट्या दिशेनं कधीच चालत नाही, दिसायला कितीही जुळा भाऊ वाटला तरी. बरोबर कन्व्हर्टर लावल्यावर चित्र येतं, पण १०२४ बाय ७६८ चं, दोन्ही बाजूंनी ताणलेलं. कारण असं, की जोडल्याबरोबर मॉनिटरनं आपली ओळख सांगायची असते: कंपनी कुठली, बनला कधी, कोणती मापं झेपतात. हे ओळखपत्र म्हणजे ईडीआयडी. त्याचा मूळ भाग अवघा १२८ बाइटचा. व्हीजीएत ते १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून जातं, आणि स्वस्त केबलीत नेमक्या त्याच तारा गाळलेल्या असतात. ओळख पटली नाही की लिनक्स जपून, सगळ्यांना झेपेल असं माप देतं.

मग माप हातानं सांगावं लागतं. टर्मिनलमध्ये ‘सीव्हीटी १९२० १०८० ६०’ लिहिलं की आकड्यांची एक लांब ओळ येते, १७३.०० पासून सुरू होणारी. सोलापुरात जॅकार्डच्या मागावर चादर विणताना पाहिलेल्याला तिची भीती वाटायचं कारण नाही. नक्षीचे टिपके १९२०, पण एका ओळीचा हिशेब २५७६ चा. मधले ६५६ चादरीच्या काठासारखे: नक्षीत येत नाहीत, पण विणताना धरावेच लागतात. तसेच ओळी १०८० आणि हिशेब ११२० चा. २५७६ गुणिले ११२० गुणिले ६० केलं की १७३ मेगाहर्ट्झच्या आसपास उत्तर येतं, तोच तो पहिला आकडा. एवढा काठ जुन्या काचेच्या नळीवाल्या पडद्यांसाठी ठेवलेला. किरणाला ओळीच्या टोकावरून परत यायला वेळ लागायचा. सपाट मॉनिटरला तो नको असतो, म्हणून सीव्हीटीला ‘उणे आर’ जोडलं की १३८.५० वर भागतं, आणि लेच्यापेच्या कन्व्हर्टरला ते जास्त मानवतं. आलेली ओळ ‘एक्सरँडआर’ या पडद्याचं माप बदलणाऱ्या आज्ञेला ‘न्यूमोड’नं द्यायची, ‘अॅडमोड’नं त्या पोर्टाला जोडायची आणि मग ‘आउटपुट’ आणि ‘मोड’ लिहून लावायची.

हे सगळं फक्त एक्स-११ वर, म्हणजे पडद्यावर खिडक्या काढणाऱ्या जुन्या व्यवस्थेवर. हल्लीच्या उबुंटूत लॉगिन केल्यावर बहुधा त्याच कामाचं नवं वेलँड असतं, आणि वेलँड एक्सरँडआरचं मोड बदलायचं बोलणं मनावर घेत नाही. तिथे ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, फाइलीत कर्नेलच्या ओळीला ‘व्हिडिओ’ बरोबर पोर्टाचं नाव, मग माप आणि ६० अशी नोंद जोडून ‘अपडेट-ग्रब’ चालवायचं आणि रीबूट. नेटवरचा अर्धा सल्ला एक्स-११ च्या काळातला आहे, हे न बघता तो चिकटवत सुटणं हेच या विषयातलं सगळ्यात मोठं व्यसन.

चित्र नीट आलं की अक्षरांचं भांडण. १४ इंची लॅपटॉपवर इंचाला १५७ टिपके, २४ इंची मॉनिटरवर ९२. माप दोन्हीचं १९२० बाय १०८०. खिडकी इकडून तिकडे ओढली की अक्षरं मोठी होतात. वेलँडवर लॅपटॉपला १२५ किंवा १५० टक्के आणि मॉनिटरला १०० असं वेगळं ठेवता येतं. एक्स-११ वर त्यासाठी कसरत करावी लागते. वेलँडकडे वळायला मला हे एकच कारण पुरेसं वाटतं. मॉनिटरऐवजी टीव्ही लावला असेल आणि वरची पट्टी कापली जात असेल, तर लिनक्सला हात लावू नका. टीव्हीच्या रिमोटवर चित्राच्या मापात ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ शोधा. काळा रंग राखाडी दिसत असेल तर लॅपटॉपकडून जाणारी रंगांची कक्षा ‘लिमिटेड’ झालेली असते. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये ती ‘फुल’ करा.

वीज गेली की आणखी एक चमत्कार घडतो. मॉनिटर विझतो, लॅपटॉप बॅटरीवर चालू. पण बरेच मॉनिटर बंद पडल्यावरही एचडीएमआयवरून ‘मी आहे’ असंच सांगत राहतात, कारण ओळखपत्राच्या चिपेला लागणारे ५ व्होल्ट लॅपटॉपच पुरवतो. त्यामुळे माऊस अंधारात निघून जातो आणि पुण्याच्या साहेबांना पाठवायची फाइलही तिकडेच उघडते. विंडोजची खूण असलेलं बटण, म्हणजे सुपर, आणि पी दाबून ‘बिल्ट-इन ओन्ली’ निवडलं की सगळं माघारी येतं. त्याहून चांगलं, मॉनिटरही इन्व्हर्टरवर घ्या. २४ इंची एलईडी वीस-पंचवीस वॉटच खातो, पंख्यापेक्षा कमी.

राहता राहिला आवाज. एचडीएमआय जोडलं की आवाजही त्याच वाटेनं जायला बघतो, मॉनिटरला स्पीकर नसला तरी. मीटिंगमध्ये सगळे ओठ हलवतात आणि आपण “ऐकू येईना झालंय” म्हणून ओरडतो. सेटिंग्जमध्ये साउंड, त्यात आउटपुट, तिथे लॅपटॉपचे स्पीकर निवडावे. तरी दर वेळी उलटत असेल तर ‘पाव्हूकंट्रोल’ हा आवाजाचा प्रोग्रॅम बसवून त्याच्या ‘कॉन्फिगरेशन’ टॅबमध्ये एचडीएमआयऐवजी ‘अॅनालॉग’चं प्रोफाइल ठेवावं. टीव्हीवर मॅच लावायची असेल त्या दिवशी तेवढं परत एचडीएमआयवर करून घ्यायचं.