नवी मुंबईहून लंडन आठ तासांत? हिशेब कुठे चुकतो

ठाणे, ऐरोली, खारघरच्या सोसायटी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘लंडन 7,200 किमी, विमानाचा वेग 900, म्हणजे आठ तास. नवी मुंबई विमानतळावरून तर आणखी तासभर कमी!’

अंतर बरोबर आहे, बाकी नाही. मुंबई आणि नवी मुंबई या दोन्ही विमानतळांमध्ये सरळ रेषेत जेमतेम 25 किमी. विमानाला ते दोन मिनिटांचंही काम नाही. खारघर-उलव्याच्या माणसाचा वाचलाच तर रस्त्यावरचा वेळ वाचेल.

ताशी 900 हा हवेच्या सापेक्ष वेग. पश्चिमेकडे जाताना वारा समोरून येतो. तो सरासरी 80 धरला तर जमिनीवरून वेग उरतो 820, आणि तेवढ्यानेच आठाचे पावणेनऊ तास होतात. येताना तोच वारा पाठीशी असतो, म्हणून परतीचा प्रवास लवकर संपतो. शिवाय 7,200 हा पृथ्वीगोलावरचा सर्वात जवळचा मार्ग. विमान तसं क्वचितच जातं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा त्यांच्या विमानांना वळसा आलाच.

तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते, त्यात धावपट्टीपर्यंतची रांगही आली. आणि दोन्ही वेळा स्थानिक. समजा, दुपारी 2 ला निघून संध्याकाळी 6:30 ला पोहोच लिहिलंय. वजाबाकी साडेचार तास. पण हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असतं, म्हणून त्यात साडेपाच तास मिळवा: एकूण दहा. मार्चअखेरच्या रविवारपासून ऑक्टोबरअखेरच्या रविवारपर्यंत मात्र तिथलं घड्याळ तासभर पुढे असतं, म्हणून साडेचारच मिळवायचे. ‘साडेचार तासांत लंडन’ हा दुसरा फिरणारा मेसेज बहुधा तिकिटावरच्या वेळांच्या त्या सरळ वजाबाकीतूनच निघाला असावा.