खोकला आला की मिरज!

आमच्या जत तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात काहीही घेऊन जा, उत्तर ठरलेलं: ‘मिरजेला दाखवा’, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात. शुगर वाढली, मिरज. म्हातारीला चक्कर आली, मिरज. पोराच्या अंगावर पुरळ उठलं तरी मिरजच! परवा आईची बीपीची गोळी बदलायची होती, तर लगेच चिठ्ठी हातात. एका गोळीसाठी मजुरीचा दिवस मोडायचा, कवठेमहांकाळवरून एसटीनं धक्के खात जायचं, केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं आणि तिथला डॉक्टर वर आपल्यालाच विचारणार, ‘एवढ्यासाठी इथं कशाला आलात?’

केंद्रातला डॉक्टर पोरगा वाईट नाही हो. बाँडवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर आलाय, रात्री-अपरात्री फोन उचलतो. पण शिकला कुठं? साडेचार वर्षं मोठ्या हॉस्पिटलात. तिथं पेशंट येतो तोच दोन-तीन डॉक्टरांकडून गाळून आलेला, तपासण्या हाताशी, डोक्यावर सीनियर. इथं सकाळच्या गर्दीत कुणाचा ताप साधा, कुणाचा डेंग्यूचा, कुणाची छातीतली जळजळ पित्ताची आणि कुणाची हृदयाची, हे एकट्यानं ताडायचं. ते त्याला शेजारी बसवून कुणी दाखवलंच नाही. मग भीतीनं हात जातो चिठ्ठीकडं.

शिक्षणानंतरच्या इंटर्नशिपमध्ये कम्युनिटी मेडिसिनचे, म्हणजे लोकांत जाऊन शिकायचे, 12 आठवडे आहेत की! कागदावर. बहुतेक पोरं सही ठोकतात आणि नीट-पीजीचे, म्हणजे स्पेशालिस्ट व्हायच्या प्रवेश परीक्षेचे, प्रश्न सोडवत बसतात. त्यांना तरी काय बोलणार, ‘नुसता एमबीबीएस’ म्हटलं की सोयरीक बघायला आलेलेसुद्धा नाक मुरडतात.

आणि हे नवीन दुखणं नाही. डॉक्टर घडवताना तीन महिने प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचं प्रशिक्षण द्या, असं देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा करणाऱ्या भोर समितीनं 1946 सालीच लिहून ठेवलंय. डॉक्टर हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवला तो महाड भागातल्या सरकारी दवाखान्यांत राबताना, रात्र-रात्र पेशंटजवळ बसून. कुठल्या एमआरआयच्या जिवावर नाही!

नव्या इमारतीला मात्र निधी लगेच मिळतो, कारण कोनशिलेवर नाव लागतं. आयला, त्यातल्या थोड्या पैशात प्रत्येक मेडिकल कॉलेजात फॅमिली मेडिसिनचा, म्हणजे घरच्या डॉक्टरकीचा, विभाग काढा ना. इंटर्नला गावात सोडा, शुगर-बीपीचे तेच पेशंट पुन्हा पुन्हा बघायला लावा, त्यावर मार्क द्या. आणि केंद्रात केस पांढरे केलेल्या मेडिकल ऑफिसरांना शिकवायचा पगार द्या. अशी माणसं आहेत अजून तालुक्यात. कुणी विचारायला तरी जा त्यांच्याकडं!