मूर्खाची रेघ

काल संध्याकाळपासून माझ्या पिस्तुलावर एक ओरखडा आहे. डाव्या अंगाला, ट्रिगरच्या जरा वर, नखाएवढा, कमानदार. नेमबाजांत त्याला चक्क 'मूर्खाची रेघ' म्हणतात. म्हणजे नाव पडण्याइतके मूर्ख माझ्याआधी होऊन गेलेत. त्याने ओरखडा बुजत नाही.

साफसफाईसाठी पिस्तूल खोलायला घेतलं. मॅगझिन काढलं, स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढली, गोळी बसते ते चेंबर रिकामं असल्याचं डोळ्यांनी पाहिलं, बोटानेही चाचपलं. इथवर मी शहाणाच होतो. पण या '१९११' मॉडेलच्या पिस्तुलात नळीखालची स्प्रिंग तोंडाशी एका टोपणाने दाबून ठेवलेली असते. टोपण अंगठ्याने रेटून धरायचं आणि मग नळीच्या तोंडावरचं कडं, म्हणजे बुशिंग, फिरवायचं. पाना-पक्कड न घेता खोलता यावं अशी रचना जॉन ब्राउनिंगने केली. अंगठा मात्र त्याने स्वतःचा डोळ्यांपुढे ठेवला असावा.

समोर खुर्ची ओढून मेव्हणा बसला होता. त्याने आयुष्यात स्टेपलरपलीकडे काही चालवलेलं नाही.

"दाजी, व्हिडिओतला माणूस साठ सेकंदांत करतो."

"करू दे."

"डोळ्यांवर पट्टी बांधून."

"बरं."

"आणि तो बोलतही असतो."

"तो बोलतो रे. त्याच्याशी कुणी बोलत नाही!"

एवढ्यात अंगठा निसटला. टोपण छतावर टण्णकन आदळलं आणि गायब. पाऊण तास मी रांगत होतो. कपाटाखाली हरवलेली पेनाची तीन टोपणं सापडली, हवं ते नाही. मेव्हणा कधी नव्हे तो गप्प. शेवटी मी कंबर धरून उठलो.

"पडद्याच्या चुणीत आहे ते."

"तुला दिसलं होतं?"

"हो, पडतानाच. पण तुम्ही इतकं मन लावून शोधत होतात, म्हटलं मध्ये बोलू नये."

संध्याकाळभर टकळी चालवणाऱ्याला नेमका तेव्हाच संकोच वाटावा! मला अजून त्याचा राग आहे. टोपणाचा नाही.

साफसफाई म्हणाल तर दहा मिनिटांची: नळीत चेंबरकडून ब्रश, मग चिंध्या, दोन थेंब तेल. जोडताना मात्र राग हातात उतरला. स्लाइड अडवणाऱ्या पट्टीची, म्हणजे स्लाइड स्टॉपची, खुंटी नळीच्या कडीतून घातली, आणि वर सरकवताना ती पट्टी पिस्तुलाच्या अंगावर कर्रकन घासली.

मेव्हण्याने मोबाइलचा टॉर्च लावून ओरखडा न्याहाळला.

"दाजी, याला काहीतरी नाव असतं ना हो?"

"नाही," मी म्हणालो.