‘तुमची शिकण्याची शैली ओळखा’ या संदेशाला उत्तर

दहावी-बारावीचे निकाल लागले की एक संदेश जोरात फिरतो. पालकांच्या ग्रुपवर, गावच्या ग्रुपवर, आमच्या प्रशिक्षणार्थींच्या ग्रुपवरही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: प्रत्येक माणूस जन्मतः चारपैकी एका शैलीने शिकतो. पाहून, ऐकून, वाचून-लिहून, नाहीतर हाताने करून. शिवणकाम असो, वेल्डिंग असो की इंग्रजी, आधी दहा मिनिटांची चाचणी देऊन आपली शैली ओळखा. मग त्याच शैलीने शिकलात तर दुप्पट वेगाने शिकाल. लेकरू मागे पडत असेल तर त्याला चुकीच्या शैलीत शिकवलं जातंय असं समजा. संदेशाच्या तळाशी ‘वाचलेलं दहा टक्के, केलेलं नव्वद टक्के लक्षात राहतं’ असा त्रिकोण, आणि अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांचं नाव.

मी जालना जिल्ह्यात आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडला शिकवतो. संदेश नुसता फिरून विरला असता तर मी गप्प बसलो असतो. पण पोरं पहिल्याच आठवड्यात स्वतःवर शिक्का मारून येतात. काही पालक तर लेकराच्या बोटांचे ठसे देऊन ‘शिकण्याचा प्रकार’ सांगणारा अहवाल विकत घेतात. म्हणून एकेक दावा घेऊन उत्तर देतो.

‘प्रत्येकाची एकच शैली असते.’

“सर, मला वाचून समजंना, मी करून शिकणारा हाय,” असं सांगणारा मुलगा जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये असतो. त्याला सपाट पट्टीवर एक सरळ वेल्ड ओढायला दिला की काय होतं बघा. मशीन सुरू करण्याआधी रॉडच्या पाकिटावर छापलेले अँपिअर वाचावे लागतात. ३.१५ मिमीच्या साध्या रॉडला साधारण १०० ते १२०. न वाचता करंट चढवला की कडेला अंडरकट, म्हणजे वेल्डच्या काठाला चर, पडलाच. आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाची झगझगीत ठिणगी, पेटल्यावर काळ्या काचेतून उजेडाकडे बघून काही मिळत नाही. नजर वितळलेल्या धातूच्या डबक्यावर हवी, ते किती रुंद होतंय आणि मागे स्लॅग, म्हणजे वर येणारा मळ, कसा सरकतोय यावर. त्याच वेळी कान उघडे हवेत. आर्कची लांबी बरोबर असली की कढईत भजी तळल्यासारखा एकसारखा आवाज येतो, ती वाढली की आवाज फाटतो आणि शिंतोडे उडायला लागतात. आणि रॉड जळून जितका आखूड होतो तितका हात खाली उतरत राहिला पाहिजे, कोन न मोडता. एवढ्याशा वेल्डमध्ये संदेशातल्या चारही शैली लागल्या. यातली एक निवडून बाकीच्या सोडायची सोय या कामात नाही.

पखवाज शिकणारं वारकऱ्याचं पोर आधी बोल तोंडाने घोकतं, मग हात उचलतं. नकाशा बघावाच लागतो, उच्चार ऐकावाच लागतो. कसं शिकायचं हे बहुतेक वेळा त्या विद्येतूनच ठरतं.

आवडनिवड असते, ती मी नाकारत नाही. कुणाला व्हिडिओ आवडतो, कुणाला वही. ज्याला कमी ऐकू येतं, ज्याला अक्षरं जुळवताना खरी अडचण येते, त्याची सोय करणं तर आपलं कर्तव्यच आहे. पण ती वेगळी बाब आहे, तिला या संदेशात गुंडाळू नये.

‘शैलीनुसार शिकलं की वेग दुप्पट.’

हा दावा तपासता येतो, आणि तो तपासला गेला आहे. २००८ मध्ये हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकारी मानसशास्त्रज्ञांनी तोवरचं संशोधन चाळलं. कसोटी साधी होती. ‘पाहणारे’ आणि ‘ऐकणारे’ असे गट करा, दोन्ही गटांतल्या काहींना चित्रांनी आणि काहींना बोलून शिकवा, शेवटी सगळ्यांची एकच परीक्षा घ्या. पाहणारे चित्रांनी आणि ऐकणारे बोलण्याने जास्त शिकले, तरच दावा खरा. अशा पद्धतीने केलेले अभ्यास मोजकेच सापडले, आणि त्यांतून दाव्याला धड आधार मिळाला नाही. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेत प्रौढांना एकच मजकूर काहींना ऐकायला, काहींना वाचायला दिला. ज्याची जी आवड त्याला त्यात जास्त समजलं, असं काही दिसलं नाही.

मग इतक्या लोकांना अनुभव येतो तो कसला? सोपं वाटण्याचा. आवडत्या पद्धतीने शिकताना डोक्याला त्रास कमी होतो आणि आपल्याला येतंय असं वाटतं. २०१९ मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गात उलट बाजू दिसली. ज्या मुलांना स्वतः गणितं सोडवायला लावलं ती चाचणीत पुढे होती, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. उत्तम व्याख्यान ऐकणाऱ्यांना जास्त शिकल्यासारखं वाटलं, आणि ती मागे होती.

‘दहा मिनिटांच्या चाचणीत शैली कळते.’

ही चार खान्यांची प्रश्नावली न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांच्या कामातून आली. त्यांनी १९९२ मध्ये एका सहकाऱ्यासोबत ती मांडली. कुणाला पत्ता सांगताना नकाशा काढाल की बोलून सांगाल, अशा धर्तीचे प्रश्न त्यात असतात. उत्तरातून तुम्हाला काय आवडतं ते कळतं. तुम्ही काय शिकलात हे ती मोजतच नाही. बोटांच्या ठशांचं तर काय सांगावं! ते आईच्या पोटात असतानाच तयार होतात, लेकरू अपूर्णांक कसे शिकेल याचा त्यांच्याशी काही संबंध नाही. तो अहवाल घेऊ नका. त्या पैशांत वर्षभराच्या वह्या येतील.

‘वाचलेलं दहा टक्के, केलेलं नव्वद टक्के.’

हा त्रिकोण अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या १९४६ च्या आकृतीवरून बनवलेला आहे. डेल यांच्या मूळ आकृतीत टक्केवारी नव्हतीच, ते आकडे नंतर कुणीतरी चिकटवले.

‘गार्डनर यांनी हेच सांगितलं.’

त्यांनी १९८३ मध्ये अनेक बुद्धिमत्तांचा सिद्धांत मांडला. त्याची शिकण्याच्या शैलीशी गल्लत करू नका, असं २०१३ मध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं.

‘लेकरू मागे आहे, कारण शैली जुळत नाही.’

या दाव्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. बीडकडची, अंबड-घनसावंगीकडची कितीतरी लेकरं दिवाळीनंतर आई-बापासोबत ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. हंगामी वसतिगृहात सगळ्यांची सोय होत नाही. असा मुलगा माझ्याकडे येतो तेव्हा त्याला टेपवरचे मिलिमीटर मोजता येतात, पण तीन अष्टमांश म्हणजे किती ते सांगता येत नाही. वर्गात अपूर्णांक शिकवले तेव्हा तो फडात होता, एवढंच त्याचं कारण. त्याला ‘हाताने शिकणारा’ म्हटलं की ते बुडालेले महिने कुणाच्या हिशेबातच राहत नाहीत. ते भरून काढायची जबाबदारीही कुणावर येत नाही.

“ह्याचे हात चालतेत, डोकं चालंना, ह्याला कामाला लावा,” हे वाक्य आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या ठरावीक घरांतल्या पोरांनाच ऐकवलं गेलं. शैलीची चिठ्ठी तेच वाक्य गोड भाषेत पुन्हा म्हणते, आणि पोरगं ते खरं मानतं. त्याची किंमत पुढे कळते. जालन्यातल्या रोलिंग मिलला किंवा वाळूजच्या कारखान्यात कामाला लागल्यावर ड्रॉइंग हातात येतं. बाण कोणत्या जोडाकडे आहे, वेल्ड किती मिलिमीटरचा हवा, हे ज्याला वाचता येत नाही तो चांगला हात असूनही हेल्परच राहतो. म्हणून वाचून समजत नाही म्हणणाऱ्यालाच मी रोज ड्रॉइंग वाचायला लावतो. चार ओळी, दोन चिन्हं, मोठ्याने.

‘मग शिकायचं तरी कसं?’

याचं बरंच भक्कम उत्तर उपलब्ध आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने चित्र फिरलं. वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं, आठवणाऱ्यांकडे ६१. लातूर पॅटर्नमधल्या ताणाबद्दल माझी तक्रार आहेच, पण सतत सराव परीक्षा घेण्याचा त्याचा भाग या निष्कर्षाशी जुळतो. तिथे कुणाला शैली विचारत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे सरावात अंतर ठेवणं. एकाच दिवशी चार तास ओढण्यापेक्षा तेच चार तास चार दिवसांत वाटावेत.

घरी ब्लाउजचं कटिंग शिकणाऱ्या ताईंना एवढंच सांगेन. व्हिडिओ एकदा पूर्ण बघा आणि मोबाइल पालथा ठेवा. जुन्या वर्तमानपत्रावर आठवून मापं आखा, मग व्हिडिओशी ताडून बघा. मुंढ्याची गोलाई चुकली असेल तर तेवढीच पुन्हा आखा. दोन दिवसांनी परत बसा, या वेळी व्हिडिओ न लावता.