‘आमच्या अटींत बसत नाही’ म्हणे!

आमच्या? कंपनीच्या घरच्या अटी आहेत का त्या? कायद्याच्या चौकटीत बसल्या तरच अटी, नाहीतर नुसता कागद. दुपारी विमा कंपनीच्या काउंटरवर हे वाक्य ऐकलं, तेव्हापासून डोकं तापलंय.

आतोबा गेल्या वर्षी गेले. आयुर्विम्याला पाच वर्षं झालेली, एकही हप्ता थकलेला नाही. दावा नामंजूर, कारण अर्जात मधुमेह लिहिला नव्हता. अर्ज भरला एजंटने. आतोबांनी पेन्सिलची फुली होती तिथे तिथे सह्या केल्या. आपल्यापैकी किती जणांनी याहून वेगळं केलंय?

आता कायदा बघा. विमा कायदा १९३८ चा, त्यातलं कलम ४५ २०१५ मध्ये बदललं. पॉलिसीला तीन वर्षं झाली की (मध्ये बंद पडून पुन्हा चालू केली असेल तर तेव्हापासून) कंपनीला कुठल्याही कारणावरून तिच्यावर बोट ठेवता येत नाही. कुठल्याही! आत्याच्या हातातल्या नकारपत्रात या कलमाचा उल्लेखसुद्धा नाही. मागच्या पानावरच्या बारीक अक्षरातल्या अटीचा क्रमांक मात्र बरोब्बर दिलाय.

लोकही आजार लपवतात, मान्य. पण ते तपासायला कायद्याने तीन वर्षं दिलीत ना? तेव्हा हप्ते गोड लागले.

काउंटरवरच्या मुलीवर माझा राग नाही. आत्याला तिने बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. तिला जे शिकवलं तेच ती बोलत होती.

पण शिकवणाऱ्यांना कायदा माहीत नसतो असं कोणी सांगू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांसारखंच विमा संरक्षण द्यायला सांगितलं, तरी ‘मानसिक आजार वगळून’ ही ओळ पॉलिसींत राहिलीच. दिल्ली उच्च न्यायालयाला २०२१ मध्ये कान उपटावे लागले. आरोग्य विम्यात आधीपासूनच्या आजारासाठी थांबायची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली तीसुद्धा २०२४ मध्ये, विमा नियामकाने लावली तेव्हा. आपणहून कोणी काही सोडत नाही.

विमा लोकपालाकडे तक्रारीला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. त्यांनी फेटाळली किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, की लोकपालाकडे जायचं. पुण्यात कार्यालय आहे. तिथला अनुभव कोणाला असेल तर कमेंटमध्ये लिहा, आत्याला वाचून दाखवायचाय.