तिकाल: फॉरवर्डमधली सात वाक्यं आणि त्यांतल्या चुका

मजकूर असा फिरतोय: “ग्वाटेमालाच्या जंगलात हरवलेलं तिकाल! इथले माया लोक एका रात्रीत नाहीसे झाले. लोखंड नाही, चाक नाही, तरी एवढी देवळं. हे माणसाचं काम नव्हे. कॅनकूनहून एका दिवसात पाहून होतं. सगळ्या देवळांवर चढा, पहाटे सर्वांत उंच देवळावरून सूर्योदय पाहा. जॅग्वारची डरकाळी ऐकू आली तर मात्र पळा!”

तिकाल हे माया लोकांचं प्राचीन शहर. ते हरवलेलं कुणासाठी, हा पहिला प्रश्न. 1848 साली मोदेस्तो मेंदेस सरकारी मोहीम घेऊन तिकालला पोचला, तो आंब्रोसिओ तूत या स्थानिक माणसाबरोबर. आसपासच्या लोकांना अवशेष माहीत होतेच.

“एका रात्रीत” हे तर तिथल्या दगडांनीच खोडून काढलंय. तारीख कोरलेला तिकालचा सर्वांत जुना शिलास्तंभ इ.स. 292चा, शेवटचा 869चा. शहर ओस पडायला पिढ्या लागल्या. दुष्काळ, लढाया, राजसत्तेची घसरण यांतलं कोणतं कारण किती मोठं, यावर अभ्यासक भांडतात. एका रात्रीत झालं असं त्यांच्यापैकी कुणी म्हणत नाही. आणि लोक गेले कुठे? पर्यटक ज्या फ्लोरेस बेटावर मुक्काम करतात, तेच इत्झा मायांची राजधानी नोहपेतेन. स्पॅनिशांना ते घ्यायला 13 मार्च 1697 उजाडला. आजही ग्वाटेमालात सरकारमान्य 22 माया भाषा आहेत, आणि 1992चं शांततेचं नोबेल मिळालेल्या रिगोबेर्ता मेंचू किचे माया आहेत.

आता “माणसाचं काम नव्हे”. दगड तिथल्याच चुनखडीचा. खाणीतून ताजा निघाला की तो मऊ असतो, चकमकीच्या दगडाच्या हत्यारानं तासला जातो. उघड्यावर राहिला की कडक होतो. तीच चुनखडी लाकडांच्या ढिगावर भाजून चुना करायचा. देवळाच्या पोटात दगडगोटे आणि चुन्याचा भराव, बाहेरून तासलेले चिरे, त्यावर गिलावा. खणून उरलेल्या खड्ड्यांना लिंपून तलाव केले, कारण तिकालला नदी नाही. पावसाचं पाणी साठवल्याशिवाय शहर तगलंच नसतं. चाक नव्हतं म्हणावं, तर मेक्सिकोत चाकांची मातीची खेळणी सापडली आहेत. गाडी ओढायला जनावर नव्हतं, ही खरी अडचण.

छत पाहिलं की बांधणाऱ्यांच्या मर्यादाही कळतात. खरी कमान त्यांनी वापरली नाही. चिऱ्यांचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा जरा आत सरकवत दोन्ही भिंती वर जवळ आणायच्या, अशी पद्धत. त्यात खोली रुंद होऊच शकत नाही. म्हणून एवढ्या उंच देवळांच्या माथ्यावरच्या खोल्या बोळाएवढ्याच. दुसऱ्या ग्रहावरून आलेल्यांनी जरा ऐसपैस बांधलं असतं.

आणि दारांवरच्या तुळया चक्क चिकूच्या लाकडाच्या! डहाणू-घोलवडच्या वाड्यांमधलं हे झाड मूळचं तिकडचंच. टेंपल 4च्या (इथली मोठी देवळं आकड्यांनीच ओळखतात) कोरीव तुळया इ.स. 741च्या सुमाराच्या; त्या 1877मध्ये बेर्नुली नावाच्या स्विस माणसानं काढवून नेल्या, आता बाझेलच्या संग्रहालयात आहेत. दमट जंगलात अकराशे वर्षं काढलेलं लाकूड! पायवाटेवरच्या जुन्या चिकूंची खोडं जवळून पाहा. नागमोडी वर चढत गेलेले तिरके वण दिसतात, ते च्युइंगमसाठी चीक काढणाऱ्यांच्या कोयत्यांचे.

कॅनकूनचं म्हणाल, तर ते मेक्सिकोत, तिकाल ग्वाटेमालात, आणि थेट रस्त्यावर मध्ये बेलीझ. सीमेवरच्या रांगा धरून जायलाच दिवस जातो. सरळ मार्ग म्हणजे ग्वाटेमाला सिटीहून फ्लोरेसला तासाभराचं विमान, पुढे गाडीनं 65 किलोमीटर, साधारण दीड तास. बेलीझच्या सान इग्नासिओहून मात्र दिवसात जाऊन येता येतं. कॅनकूनलाच मुक्काम असेल तर तिकडच्याच जंगलातलं कोबा हे माया शहर पाहा, तिकालचा हट्ट सोडा. तिकालचं तिकीट परदेशी पाहुण्यांना 150 केत्साल (ग्वाटेमालाचं चलन). पासपोर्ट जवळ हवा आणि रोख फ्लोरेसमधूनच न्यावी. गेट अवशेषांच्या 17 किलोमीटर आधी आहे, तिथून पैशांसाठी मागे फिरणं म्हणजे सकाळ वाया.

“सगळ्या देवळांवर चढा” हे धोक्याचंही आहे. मुख्य चौकातल्या 47 मीटर उंच टेंपल 1च्या पायऱ्या बंद आहेत. टेंपल 2 आणि टेंपल 4ला बाजूनं लाकडी जिने आहेत, चढायचं ते त्यांच्यावरूनच. गिलावा गेला की पाणी भरावात मुरतं, मुळं चिरे उचकटतात. त्यात हजारो बुटांची भर पडली की पायरी निखळते. पावसात या दगडावर शेवाळ धरतं आणि चढण्यापेक्षा उतरताना पाय घसरतो. रबरी, खाचांच्या तळव्याचे बूट घाला. माणशी किमान 2 लिटर पाणी घ्या, एप्रिल-मेमध्ये 3.

सूर्योदयाबद्दल फॉरवर्ड निम्मं खरं सांगतं. टेंपल 4 सर्वांत उंच, सुमारे 65 मीटर, आणि जिन्यावरची बैठक पूर्वेकडे तोंड करूनच आहे. पण पार्क सहाला उघडतं. त्याआधी शिरायला 100 केत्सालचं वेगळं तिकीट आणि अधिकृत गाईड लागतो, चारच्या सुमारास बॅटरी घेऊन निघावं लागतं. एवढं करून समोर बहुधा धुकंच असतं, थंडीच्या महिन्यांत जास्त. सूर्य दिसतो तो वर आल्यावर. धुक्यातून आधी देवळांचे माथे निघतात. खोलीत एसी लावलात तर कॅमेरा रात्री बाहेरच ठेवा, नाहीतर पहिला अर्धा तास काच पुसण्यात जाईल.

उरली डरकाळी. पहाटे जंगल हादरवणारा तो आवाज हाउलर माकडांचा. जॅग्वार तिथे आहे, पण दिसला तर नशीब. पळायची गरज नाही. फक्त माकडांच्या बरोबर खाली, तोंड वर करून उभे राहू नका; ती नेम धरून मुततात.